खांद्यातली दोरी तुटते तेव्हा



आमच्या गटातल्या एक ताई धुण्याच्या दगडापाशी घसरून खांद्यावर पडल्या. एक्स-रे काढला, हाड शाबूत होतं. मग आम्हीच सगळ्या म्हणालो, "मुका मार आहे, शेकून घ्या, चोळून घ्या." कापूस वेचणीचे दिवस, ताई तशाच रानात जात राहिल्या. सात महिने झाले तरी त्यांना स्वतःची वेणी घालता येईना. एमआरआय केल्यावर कळलं, खांद्यातली दोरी तुटलेली होती. तो सल्ला आमचा चुकला, म्हणून आज हा विषय.

आपल्या खांद्याचा गोळा चार स्नायूंनी जागेवर धरलेला असतो. स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीला कंडरा म्हणतात. एक्स-रेत हाड दिसतं, कंडरा दिसत नाही. त्यासाठी सोनोग्राफी किंवा एमआरआय लागतो. एक खूण लक्षात ठेवा. आपला आपल्याला हात वर नेता येत नाही, पण दुसऱ्यानं हळूच उचलला तर जातो, तेव्हा कंडरा फाटल्याची शंका घ्यावी. दुसऱ्यानं उचलूनही जात नसेल, तर बहुधा खांदा आखडलेला असतो. मधुमेह असलेल्यांना हा त्रास जास्त होतो. नक्की काय ते मात्र हाडांच्या डॉक्टरांनीच सांगावं.

प्रत्येक वेळी ऑपरेशन लागतंच असं नाही. वयानं झिजून थोडी फाटलेली कंडरा असेल, तर काही महिने नीट व्यायाम केल्यावर पुष्कळ जणींचा हात चालू लागतो. पण पडून अचानक पूर्ण तुटली असेल तर वेळ घालवू नये. उशीर झाला की कंडरा आत ओढली जाते, स्नायू सुकतो, त्यात चरबी भरते. मग टाका धरत नाही.

ऑपरेशनचे मुख्य प्रकार असे. पहिला, दुर्बिणीतून. लहान छिद्रं पाडून हाडात छोटे खिळे बसवतात आणि त्यांच्या दोऱ्यांनी कंडरा हाडाला शिवतात. दुसरा, चीर देऊन तेच काम करणं. दोन्हींत शिवण हाडाला धरायला वेळ तेवढाच लागतो. तिसरा, शिवण्यासारखी कंडरा उरलीच नसेल तर दुसऱ्या स्नायूची कंडरा तिथे वळवून लावतात. चौथा, वय जास्त आणि सांधाही झिजलेला असेल तर उलट्या रचनेचा कृत्रिम सांधा बसवतात. त्यात हात उचलायचं काम खांद्यावरचा मोठा स्नायू करतो.

आता खरी अडचण. शिवल्यावर साधारण सहा आठवडे हात झोळीत ठेवावा लागतो. मग व्यायाम, आणि पुरती ताकद यायला सहा महिने किंवा जास्त. घागर, सरपण, वेचणीची झोळी, सगळं बंद. घाई केली तर शिवण उसवते. तंबाखू, मिश्री आणि वाढलेली साखर यांनीही जखम भरायला वेळ लागतो.

म्हणून ऑपरेशनची तारीख घ्यायच्या आधी दोन कामं करा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हे ऑपरेशन बसतं का, ते योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्राला विचारा. रेशन कार्ड, आधार सोबत न्या. आणि गटाच्या बैठकीत ठरवा: त्या बाईचं पाणी कोण भरणार, हप्ता किती महिने थांबवायचा. आम्ही आमच्या ताईंसाठी तशी यादी केली आहे. सात महिन्यांपूर्वी करायला हवी होती.