पायी पाहायची चित्रे

मुंबईत चित्रे पाहायची म्हटले की काळा घोड्याजवळचे जहांगीर कलादालन डोळ्यांसमोर येते. तिथे चित्र आपल्या जागी असते, त्यावर दिव्याचा प्रकाश सोडलेला असतो आणि पाहणाऱ्याने फक्त समोर उभे राहायचे असते. याच शहरात गेल्या दीड-दोन दशकांत आणखी एक कलादालन उभे राहिले आहे. त्याला दार नाही, तिकीट नाही आणि बंद होण्याची वेळही नाही. ते आहे रस्त्यांवरच्या भिंतींवर. मात्र या कलादालनाची एक अट आहे: ते पायी फिरूनच पाहावे लागते. मोटारीच्या काचेतून ते दिसत नाही, कारण गल्ल्या अरुंद आहेत आणि चित्रे वळणावळणावर दडलेली आहेत. म्हणूनच इथे अंगावरचे कपडे आणि पायातले बूट हा फॅशनचा विषय उरत नाही. चित्रे किती आणि कशी पाहून होणार, हे बऱ्याच अंशी त्यांवरच ठरते.

भिंतीवर चित्र काढणे महाराष्ट्राला नवे नाही. अजिंठ्याच्या लेण्यांतील मातीच्या गिलाव्यावरची चित्रे जगाला ठाऊक आहेत. गेरूने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने काढलेली वारली चित्रे आज साड्यांवर आणि कपांवरही दिसतात. शहरातील भित्तिचित्रांचे अधिक जवळचे नाते मात्र सिनेमाच्या रंगवलेल्या फलकांशी आहे. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांनी मूकपटांच्या काळात हाताने रंगवलेल्या चित्रजाहिरातींना प्रतिष्ठा मिळवून दिली. एम. एफ. हुसेन यांनीही उमेदवारीच्या काळात मुंबईत सिनेमाचे फलक रंगवले होते. पुढे संगणकावर छापलेले फ्लेक्स आले आणि फलक रंगवणाऱ्यांचे हात रिकामे झाले. एक आख्खी कारागिरी दहा-पंधरा वर्षांत बाजूला पडली.

ती निराळ्या वाटेने परतली, असे वांद्र्यात फिरताना वाटते. रणजित दहिया हे मूळचे हरियाणातले. घरांना चुना लावण्याच्या कामापासून त्यांनी सुरुवात केली. पुढे चंदीगडच्या कला महाविद्यालयात आणि अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत त्यांनी शिक्षण घेतले. भारतीय चित्रपटाच्या शताब्दीच्या सुमारास, २०१२ साली, त्यांनी ‘बॉलिवूड आर्ट प्रोजेक्ट’ सुरू केला आणि वांद्र्याच्या चॅपेल रोडवर ‘अनारकली’ साकारली. त्यानंतर ‘दीवार’मधील अमिताभ बच्चन आले, राजेश खन्ना आले. २०१४ साली वांद्रे रेक्लमेशन येथील एमटीएनएलच्या इमारतीवर दादासाहेब फाळके अवतरले. त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या आणि १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणणाऱ्या या मराठी माणसाचे शंभर फुटांहून उंच चित्र मुंबईच्या आकाशरेषेत उमटले. इरफान खान यांचे २०२० मध्ये निधन झाले, तेव्हा त्याच वर्षी वरोडा रोडवर त्यांचा चेहरा रंगवला गेला.

या चळवळीला लोकसहभागाचीही बाजू आहे. २००९ साली महापालिकेच्या परवानगीने सेनापती बापट मार्गावरील रेल्वेची लांबलचक भिंत शेकडो हौशी आणि व्यावसायिक चित्रकारांनी मिळून रंगवली. २०१७ च्या अखेरीस ससून डॉकमध्ये मासळीच्या वासात आणि कोळी बांधवांच्या वर्दळीत कलाप्रकल्प भरला होता. चर्चगेट स्थानकाच्या इमारतीवर ब्राझीलचे चित्रकार एदुआर्दो कोब्रा यांनी महात्मा गांधी रंगवले.

चित्र भिंतीवर चढते कसे?

चार-पाच मजली भिंतीवर नाक कुठे आणि डोळा कुठे, हे जवळून समजत नाही. परांचीवर उभ्या असलेल्या चित्रकाराला एका वेळी गालाचा केवळ एक तुकडा दिसत असतो. म्हणून मूळ लहान चित्रावर चौकटी आखतात, तितक्याच, पण मोठ्या चौकटी भिंतीवर आखतात आणि एकेक चौकट उतरवत जातात. काही जण रात्री प्रोजेक्टरने प्रतिमा भिंतीवर पाडून रेषा काढून घेतात. त्याआधी भिंत घासून तिला अस्तराचा रंग द्यावा लागतो, मग बाहेरच्या भिंतींसाठीचे अॅक्रिलिक रंग येतात. बारकावे आणि छटा कित्येकदा स्प्रेने भरल्या जातात. परवानगीशिवाय हे करता येत नाही. मालमत्तेचे विद्रूपीकरण रोखणारा १९९५ चा राज्याचा कायदा आहे, आणि घरमालकाचा होकार तर हवाच.

वाचकाने हे ठाऊक असून गेले, तर पाहण्याची रीतच बदलते. आधी चित्राच्या अगदी जवळ जावे: तिथे फक्त रंगांचे ओघळ आणि फटकारे दिसतील. मग तीस-चाळीस पावले मागे यावे: फटकाऱ्यांचा चेहरा होतो. हे पुढे-मागे होणे, मान वर करणे, गल्लीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन वळून पाहणे, हीच या चित्रांची खरी मजा आहे. आणि ती पायांवर अवलंबून आहे. टाचेला फोड आला की माणूस मागे येण्याचा कंटाळा करतो. घामाने कपडे अंगाला चिकटले की तो सावली शोधतो, भिंत शोधत नाही.

कपड्यांचे साधे शास्त्र

वांद्रे स्थानकाच्या पश्चिमेला उतरून तलावावरून हिल रोड, तिथून चॅपेल रोड, वरोडा रोड आणि रणवार असा फेरफटका मारला, तर परतीसह चार-पाच किलोमीटर चाल सहज होते. त्यात थांबणे अधिक, चालणे कमी, आणि उभे राहून पाय अधिक भरून येतात.

मुंबईचा प्रश्न केवळ उन्हाचा नाही, दमटपणाचा आहे. घाम वाळला तर शरीर थंड होते. हवा आधीच ओली असेल तर घाम वाळत नाही. सुती धागा पाणी धरून ठेवतो. नेहमीच्या हवेतच तो आपल्या वजनाच्या सुमारे ८ टक्के ओलावा बाळगतो. पॉलिस्टरचे हे प्रमाण अर्ध्या टक्क्याहूनही कमी आहे. म्हणून खेळाडूंच्या विरळ विणीच्या शर्टात घाम धाग्यात न मुरता कापडाच्या पृष्ठभागावर पसरतो आणि लवकर उडून जातो. याचा अर्थ सुती कपडे वाईट असा नव्हे. सैल, फिक्या रंगाचा सुती सदरा तासा-दीड तासाच्या फेरीला उत्तमच. मात्र अर्धा दिवस फिरायचे असेल तर जाड जीन्सपेक्षा हलकी ट्रॅक पँट किंवा सैल सलवार कितीतरी सुखाची. ओढणी असेल तर ती नीट खोचून घ्यावी. अरुंद गल्लीत दुचाक्या अंगाला घासून जातात.

मोज्यांची गोष्ट वेगळी. निव्वळ सुती मोजा भिजला की ओलाच राहतो, त्वचा मऊ पडते आणि घर्षणाने फोड येतात. मिश्र धाग्याचे मोजे इथे बरे. बूट महाग असण्याची गरज नाही, सरावाचे असावेत. नवे बूट अशा दिवशी प्रथमच घालणे म्हणजे दुखणे विकत घेणे. उखडलेले पेव्हर ब्लॉक, उघडी गटारे आणि पावसाळ्यात शेवाळलेल्या पायऱ्या लक्षात घेता तळव्याला पकड हवी. हात मोकळे राहावेत म्हणून पाठीवरची लहान पिशवी, त्यात पाणी, टोपी आणि रुमाल. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ आणि सकाळी सात ते दहा ही वेळ सर्वांत चांगली: ऊन तिरपे असते, वाहने कमी असतात आणि चित्रांसमोर गाड्या उभ्या राहिलेल्या नसतात.

भिंतीपलीकडची माणसे

एक गोष्ट विसरून चालणार नाही. कलादालनाच्या भिंतीमागे कोणी राहत नाही, इथे राहतात. रणवार ही वांद्र्याच्या जुन्या पाखाड्यांपैकी एक. इथल्या गावठाणात ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत आणि त्यांची घरातली बोली मराठीचीच एक शाखा आहे. लाकडी जिने, कौले, व्हरांडे आणि कोपऱ्यावरचे क्रूस ही त्यांची रोजची दुनिया आहे. खिडकीखाली मोठ्याने हसणे, कोणाच्या ओट्यावर चढून छायाचित्र काढणे, रविवारी मिस्साला निघालेल्यांची वाट अडवणे, हे टाळायला हवे. दारात कोणी बसले असेल तर ‘फोटो काढू का?’ असे मराठीत विचारून पाहावे. पुष्कळदा परवानगीबरोबर त्या भिंतीची गोष्टही ऐकायला मिळते. छायाचित्र आठवणीसाठी काढावे. जाहिरातीसाठी वापरायचे तर चित्रकाराची परवानगी घ्यावी.

खरी हुरहूर लागते ती वेगळ्याच कारणाने. ही चित्रे टिकणारी नाहीत. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तोही बहुतांश चार महिन्यांत. भिंतीत पाणी मुरते, लोणा लागतो, रंगाचे पोपडे निघतात. त्याहून मोठा धोका पुनर्विकासाचा आहे. जुने घर पडले की त्यावरचे चित्र ढिगाऱ्यात जाते, आणि चित्रासोबत गल्लीही जाते. रंग पुन्हा चढवता येतो. बैठ्या घरांची ओळ, तिच्या ओट्यावरचे शेजारपण आणि तिथली बोली पुन्हा रंगवता येत नाही. विरोधाभास असा, की चित्रे पाहायला गर्दी होते, गर्दीमागोमाग कॅफे येतात, भाडी वाढतात, आणि ज्या जुनेपणामुळे ती भिंत देखणी वाटली तो जुनेपणाच परवडेनासा होतो. पाहणारा या साखळीबाहेर नसतो, हे त्याने मनाशी मान्य करावे.

म्हणून एक लहानशी सूचना. चित्राचे छायाचित्र घ्याल तेव्हा केवळ चेहरा घेऊ नका. बाजूचे दार, वरचे छप्पर, गल्लीचे नाव असलेली पाटीही घ्या, आणि दिनांक लिहून ठेवा. या लेखात उल्लेखिलेले एखादे चित्र तुम्ही जाल तेव्हा जागेवर नसेलही. तसे झाले तर निराश न होता त्या जागी काय आले आहे ते पाहावे. अशा शंभर वाचकांची नोंद पुढे या शहराच्या इतिहासाला उपयोगी पडेल. त्यासाठी मोठा कॅमेरा लागत नाही. सैल कपडे, पायाला सरावलेले बूट आणि रविवारची एक सकाळ एवढे पुरे आहे.