सीआरपी वाढला म्हणजे नेमके काय?

वर्षावास आणि तापाची साथ आपल्या वस्त्यांत बरोबरच येतात. विहारात ग्रंथवाचन आटोपले की कोणीतरी ताई हळूच रिपोर्ट पुढे करते. "मॅडम, सीआरपी वाढलाय. टीबी तर नाही ना?" कोविडच्या काळात हे नाव कळव्यापासून कल्याणपर्यंत घरोघरी पोहोचले. त्याचा अर्थ मात्र कोणी सांगितला नाही.

सीआरपी हा जंतू नाही. ते आपल्याच शरीरातले प्रथिन आहे, यकृतात तयार होणारे. १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस यांना ते न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात सापडले. न्यूमोनियाच्या जंतूतील 'सी' नावाच्या घटकाला ते चिकटत होते, म्हणून नावात 'सी'. जंतूला ओळखून चिकटायचे आणि पांढऱ्या पेशींना तो गिळायला मदत करायची, हे त्याचे काम.

लॅबमध्ये ते पकडायला अँटिबॉडी लागते. सर्पदंशावरचे औषध कसे बनते ते आठवा. घोड्याला थोडे थोडे विष टोचतात आणि त्याच्या रक्तात तयार झालेल्या अँटिबॉडी काढून घेतात. आपल्या हाफकिनमध्ये हेच काम चालत आले आहे. तसेच शेळीसारख्या प्राण्याला माणसाचे सीआरपी टोचले की त्याच्याविरुद्धची अँटिबॉडी मिळते. ती बारीक कणांवर चढवतात. त्यात आपल्या रक्तातला सिरम मिसळला आणि सीआरपी जास्त असले, तर कण एकमेकांना चिकटून द्रव गढूळ होतो. त्या गढूळपणावरून मशीन आकडा देते.

म्हणजे या तपासणीत जंतू कोणी शोधलेलाच नसतो. सूज किंवा संसर्ग आहे, एवढेच कळते. टायफॉईड, टीबी, संधिवात, ऑपरेशन, बाळंतपण, कशानेही आकडा चढतो. जंतुसंसर्गात तो बहुधा जास्त चढतो, पण कोविडमध्येही आपण तो चढलेला पाहिला. उलट, दारूने यकृत पार खराब झालेल्या माणसात संसर्ग असूनही तो फारसा चढत नाही. तेव्हा नुसता आकडा दाखवून मेडिकलवाल्याकडून अँटिबायोटिक घेणे म्हणजे अंधारात दगड मारणे. हे मी वस्तीत रोज पाहते आणि रोज भांडते.

आकड्यापुढचे एककही वाचा. काही लॅब मिलिग्रॅम प्रति लिटर लिहितात, काही प्रति डेसिलिटर. एकीकडचे २.४ म्हणजे दुसरीकडचे २४! दोन लॅबचे कागद शेजारी ठेवून घाबरलेली घरे मला माहीत आहेत. शक्यतो एकाच लॅबमध्ये जा.

उपचार लागू पडला की आकडा दोन-तीन दिवसांत उतरू लागतो, म्हणून डॉक्टर पुन्हा तपासायला सांगतात. आपल्या मनाने मात्र रोज पैसे घालवू नका. आणि खोकला किंवा ताप दोन आठवड्यांवर गेला, तर सीआरपी कितीही असो, सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्या. ती तपासणी मोफत आहे.