जीपचा मागचा ॲक्सल ओळखायचा कसा?

सुट्या भागांच्या दुकानात जाऊन ‘जीपचा क्राउन-पिनियन द्या’ असे सांगितले, तर जाणता दुकानदार लगेच फळीकडे हात नेत नाही. तो विचारतो, ‘कोणता?’ गिऱ्हाईक गाडीचे वर्ष सांगते, मॉडेल सांगते. दुकानदाराचे तेवढ्याने समाधान होत नाही. गिऱ्हाइकाला वाटते, हा उगाच खोड्या काढतो आहे. पण प्रश्न रास्त आहे. मागच्या ॲक्सलची जात गाडीच्या नावावरून किंवा वर्षावरून खात्रीने ठरत नाही. ती ॲक्सलकडूनच वाचून घ्यावी लागते, आणि काही बाबतींत तर मोजूनच काढावी लागते. हे मोजणे शाळेतल्या गणिताने होते, म्हणून हा विषय येथे घेतला आहे.

उदाहरण म्हणून जुनी विलीज जीप घेऊ. १९४० च्या दशकाच्या अखेरीस महिंद्रांनी मुंबईत या जीपची जुळणी सुरू केली. पुढे ‘सीजे-३बी’ हा नमुना अमेरिकेत १९६८ मध्ये बंद झाल्यावरही त्याच ठेवणीच्या गाड्या आपल्याकडे कितीतरी वर्षे बनत राहिल्या. म्हणून आजही एखाद्या वाडीत ती उभी असलेली दिसते.

आता तिची वंशावळ पाहा. दुसऱ्या महायुद्धातील लष्करी जीपला, म्हणजे ‘एमबी’ला, स्पायसर कंपनीचा ‘२३-२’ हा मागचा ॲक्सल होता. युद्ध संपताना, १९४५ मध्ये, नागरी वापरासाठी ‘सीजे-२ए’ आली आणि १९४९ पर्यंत बनत राहिली. या एकाच नमुन्यात सुरुवातीच्या गाड्यांना ‘२३-२’, नंतरच्या पुष्कळ गाड्यांना ‘४१-२’ आणि अखेरच्या गाड्यांना ‘४४’ असे तीन ॲक्सल बसवले गेले. नाव एक, पत्रा एक, आणि खाली तीन निरनिराळी यंत्रे! त्यात सत्तर-पंचाहत्तर वर्षांत किती जणांनी कोणत्या गाडीचा ॲक्सल कोणत्या गाडीला लावला, याचा हिशेब कोणी ठेवलेला नसतो.

वनस्पती ओळखताना आपण गुरुकिल्ली वापरतो. पाने समोरासमोर की एकाआड एक, फुलाला पाकळ्या किती, असे एकेक प्रश्न विचारत जातीपर्यंत पोहोचतो. ॲक्सलचेही तसेच करता येते.

पहिला प्रश्न चाकाच्या मध्यभागी विचारायचा. वरची टोपी काढल्यावर मधोमध एक मोठा नट आणि त्यातून आरपार गेलेली कॉटर पिन दिसते का? की गोल चकती आणि तिच्या कडेने सहा बोल्ट दिसतात? चकती आणि बोल्ट असतील तर तो लष्करी पद्धतीचा ‘२३-२’ असण्याचा संभव मोठा. त्यात चाकाचे हब स्वतःच्या बेअरिंगांवर ॲक्सलच्या पोकळ नळीवर बसलेले असते. गाडीचे वजन नळी पेलते आणि आतला दांडा, म्हणजे हाफ शाफ्ट, फक्त चाक फिरवतो. मोठा नट असेल तर तो ‘४१’ किंवा ‘४४’. त्यात हाफ शाफ्ट चाक फिरवतो आणि गाडीचे वजनही पेलतो. हा फरक केवळ वर्गीकरणाचा नाही. पहिल्या प्रकारात शाफ्ट तुटला तर गाडी जागच्या जागी थांबते. दुसऱ्या प्रकारात तुटला तर चाकच निखळून जाऊ शकते. त्यामुळे येथे चुकीचा शाफ्ट ‘ठाकूनठोकून’ बसवणे म्हणजे जिवाशी खेळ आहे.

दुसरा प्रश्न मधल्या फुगीर गोळ्यापाशी. ‘४४’ जातीच्या ओतीव कवचावर आधाराच्या कण्यापाशी साधारणपणे ‘४४’ हा आकडाच उठावात असतो. तारेच्या ब्रशने माती आणि ग्रीस खरवडल्याशिवाय तो दिसत नाही. मागच्या झाकणाचे बोल्ट मोजा, असेही सांगतात. मोजायला हरकत नाही, पण त्यावर विसंबू नका. याच घराण्यातल्या ‘३०’, ‘४४’ आणि ‘६०’ या तिन्ही जातींच्या झाकणांना दहाच बोल्ट असतात. दहा बोल्ट हे कुळाचे लक्षण झाले, जातीचे नव्हे.

तिसरी खूण म्हणजे झाकणाच्या एका बोल्टाखाली अडकवलेली पत्र्याची लहान चिठ्ठी. तिच्यावर दातांची संख्या ठोकलेली असते, उदाहरणार्थ ४३ आणि ८. म्हणजे मोठ्या क्राउन चक्राला ४३ दात आणि त्याला फिरवणाऱ्या लहान पिनियनला ८ दात. गुणोत्तर ४३ ÷ ८ = ५.३७५; कॅटलॉगमध्ये ते ५.३८ असे छापतात. लष्करी जीपला ३९ आणि ८, म्हणजे ४.८८ होते. ‘सीजे-३बी’ला ५.३८.

चिठ्ठी असली तर उत्तम. पण ती कारखान्याने लावलेली आहे, आणि आतले दात नंतर बदललेले असू शकतात. चिठ्ठी ही साक्ष आहे, पुरावा नाही. (प्रयोगशाळेतल्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्यांबद्दल आमचे हेच मत आहे.) मग झाकण न उघडता आतले गुणोत्तर मोजता येईल का? येते.

त्याआधी डिफरन्शियल काय करतो, ते पाहिले पाहिजे. दोन पट्ट्या घ्या. खालची टेबलावर स्थिर ठेवा, तिच्यावर गोल पेन्सिल आडवी ठेवा आणि पेन्सिलीवर दुसरी पट्टी. वरची पट्टी न घसरता १० सेंटिमीटर पुढे सरकवा. पेन्सिल किती सरकली? ५ सेंटिमीटर. आता दोन्ही पट्ट्या एकदम १० सेंटिमीटर पुढे न्या. पेन्सिलही १० सेंटिमीटर जाते. एक पट्टी पुढे आणि दुसरी तितकीच मागे नेली, तर पेन्सिल जागेवरच गिरकी घेते. डिफरन्शियलमध्ये दोन पट्ट्यांच्या जागी डावे-उजवे हाफ शाफ्ट, आणि पेन्सिलीच्या जागी त्यांच्या मध्ये अडकलेली लहान दंतचक्रे असतात. ही लहान चक्रे ज्या सांगाड्यात बसवलेली असतात, त्याच सांगाड्याला क्राउन चक्र बोल्टने जोडलेले असते. म्हणून

क्राउनचे फेरे = (डाव्या चाकाचे फेरे + उजव्या चाकाचे फेरे) ÷ २

एक चाक स्थिर धरून दुसरे दोनदा फिरवले, तर क्राउन एकदा फिरते. तेवढ्या वेळात पिनियन, आणि त्याला जोडलेला प्रोपेलर शाफ्ट, जितके फेरे घेईल तितके गुणोत्तर.

मोजणी अशी करायची. गाडी सपाट जागेवर उभी करून पुढच्या दोन्ही चाकांना आणि जमिनीवर राहणाऱ्या मागच्या चाकाला दोन्ही बाजूंनी दगड किंवा ठोकळे लावायचे. मागचे एकच चाक जॅकने उचलून ॲक्सलखाली भक्कम घोडी ठेवायची. नुसत्या जॅकवर भरवसा नको. गिअर न्यूट्रल, पुढच्या चाकांची जोडणी सुटलेली, हँडब्रेक सोडलेला. प्रोपेलर शाफ्टवर खडूची रेघ मारायची आणि तिच्या समोर चॅसिसवर दुसरी. हे काम गॅरेजमध्ये मिस्त्रीच्या हातून व्हावे, विद्यार्थ्यांनी बाजूला उभे राहून फेरे मोजावेत. गाडीखाली कोणीही जायचे नाही.

ठोकळ्यांवर एवढा भर का? जुन्या जीपचा हँडब्रेक चाकांवर नसून प्रोपेलर शाफ्टवर असतो. समजा तो ओढून ठेवला आहे आणि एक मागचे चाक उचललेले आहे. वरच्या सूत्रात क्राउनचे फेरे शून्य टाका. डाव्याचे आणि उजव्याचे फेरे मिळून शून्य व्हायला हवेत; म्हणजे जमिनीवरचे चाक पुढे गेले तर उचललेले चाक तितकेच मागे फिरेल. त्याला अडवणारे काहीच नाही. हँडब्रेक पूर्ण ओढलेला असूनही गाडी उतारावर चालू लागेल! या एका समीकरणाचे अज्ञान पंक्चर काढताना माणसाला गाडीखाली घेऊ शकते.

आता उचललेले चाक किती वेळा फिरवावे? दोनदा फिरवले की एक उत्तर मिळते, पण शाफ्टचा फेरा डोळ्यांनी आपण फार तर अष्टमांशापर्यंत वाचतो. म्हणजे ०.१२५ इतकी अनिश्चितता. ४.१० आणि ४.२७ ही दोन्ही गुणोत्तरे प्रचारात आहेत आणि त्यांच्यातला फरक ०.१७ आहे. दोन फेऱ्यांत त्यांचा निवाडा खात्रीने होणार नाही. म्हणून चाक वीस वेळा फिरवा. क्राउन दहा वेळा फिरेल. गुणोत्तर ४.१० असेल तर शाफ्टचे ४१ फेरे, ४.२७ असेल तर ४२ आणि वर जवळजवळ पाऊण. वाचनातली चूक मात्र तेवढीच, अष्टमांश. लंबकाचा एक हेलकावा न मोजता वीस हेलकावे का मोजतो, ते येथे पुन्हा दिसते. सुरुवातीला चाक थोडे फिरवून दातांमधली मोकळीक काढून टाका, आणि मग एकाच दिशेने फिरवत राहा.

शाफ्टचे ५३ आणि पाऊण फेरे भरले, तर गुणोत्तर ५.३७५. त्यावरून दात काढायचे. पिनियनला ८ दात धरले तर ८ × ५.३७५ = ४३, पूर्णांक आला. दुसरे उदाहरण: ३७.२७ फेरे, म्हणजे ३.७२७. आठाने गुणा: २९.८, जमत नाही. नवाने ३३.५, दहाने ३७.३, अकराने ४१.०. म्हणजे ४१ आणि ११. बाराने आणि तेराने गुणून पाहा, पूर्णांक येत नाही. झाकण न उघडता आतले दात मोजून झाले.

या जोड्यांकडे जरा पाहा: ४३ व ८, ३९ व ८, ४७ व ११, ४१ व ११. ३९ ही मूळ संख्या नाही, पण ३९ आणि ८ सहमूळ आहेत. सर्वच जोड्या सहमूळ आहेत. ४० आणि १० असे सुटसुटीत आकडे घेतले असते तर पिनियनचा प्रत्येक दात क्राउनच्या त्याच चार दातांना जन्मभर भेटत राहिला असता, आणि एका दातावरचा ओरखडा त्याच चौघांवर उमटत राहिला असता. ४१ आणि १० घेतले की पिनियनचा प्रत्येक दात पाळीपाळीने ४१ ही दातांना भेटतो. ४३ आणि ८ चा लसावि ३४४. एकदा भेटलेली दातांची जोडी पुन्हा भेटायला दातांच्या ३४४ भेटी व्हाव्या लागतात, म्हणजे पिनियनचे ४३ फेरे. झीज सगळ्यांत वाटली जाते. लसावि शिकवताना ‘दोन घंटा एकाच वेळी केव्हा वाजतील’ हे उदाहरण देऊन कंटाळा आला असेल, तर हे देऊन पाहा.

मागणी नोंदवताना क्राउन आणि पिनियन नेहमी जोडीनेच मागवावेत. कारखान्यात ते एकमेकांवर घासून जुळवलेले असतात आणि दोघांवर एकच क्रमांक कोरलेला असतो. पिनियनच्या तोंडावर ‘अधिक २’ किंवा ‘उणे ३’ असा आकडाही आढळतो. तो इंचाच्या हजारांश भागात असतो, आणि पिनियन किती आत बसवायचा, पर्यायाने किती जाडीची शिम घालायची, ते त्यावरून ठरते.

गुणोत्तर बदलायचेच असेल तर आणखी एक अडचण आहे. गुणोत्तर लहान करायचे तर पिनियन मोठा होतो आणि क्राउनला थोडे दूर सरकावे लागते. म्हणून ‘४४’ मध्ये क्राउनला धरणारा सांगाडा दोन मापांत मिळतो: एक ३.७३ आणि त्याखालच्या गुणोत्तरांसाठी, दुसरा ३.९२ आणि त्यावरच्यांसाठी. ५.३८ च्या ॲक्सलमध्ये ३.७३ ची जोडी आणली, तर बोल्ट बसतील पण दात नीट भिडणार नाहीत.

हाफ शाफ्टसाठी जात, बाजू, लांबी आणि आतल्या टोकाच्या खाचांची संख्या द्यावी. ‘४४’ मध्ये १०, १९ आणि ३० खाचांचे शाफ्ट येऊन गेले आहेत. विलीज जीपमध्ये मधला गोळा उजवीकडे सरकलेला असतो, त्यामुळे डावा शाफ्ट लांब, उजवा आखूड. ही डावी-उजवी गाडीत पुढे तोंड करून बसल्यावरची. बेअरिंग मात्र गाडीच्या नावाने मागू नये. आतला कोन आणि बाहेरची वाटी यांच्यावर वेगवेगळे क्रमांक कोरलेले असतात. ते दोन्ही लिहून न्यावेत.

राहिला पुढचा ॲक्सल. जीपची चारही चाके जोडली की पुढचा आणि मागचा प्रोपेलर शाफ्ट एकाच वेगाने फिरतात. मागे ४.८८ आणि पुढे ५.३८ असेल, तर मागची चाके १०० मीटर जातात तेव्हा पुढची ९१ मीटरही जाऊ पाहत नाहीत. चिखलात चाके घसरून हा फरक भागवतात. डांबरी रस्त्यावर तो भागत नाही. टायर फरफटतात आणि मधल्या दंतचक्रांवर ताण साठत जातो. मागची जोडी मागवण्याआधी पुढचे एक चाक उचलून, पुढच्या प्रोपेलर शाफ्टवर रेघ मारून तेच वीस फेरे मोजावेत. या वेळी ठोकळे मागच्या दोन्ही चाकांना आणि जमिनीवरच्या पुढच्या चाकाला लावायचे. दोन्हीकडे ५३ आणि पाऊण भरले तर ४३ आणि ८ ची जोडी मागवावी. आकडे वेगळे आले, तर कोणता ॲक्सल मूळचा आणि कोणता मागाहून आलेला हे ठरेपर्यंत पैसे देऊ नयेत, आणि पक्क्या रस्त्यावर पुढच्या चाकांचा दांडा ओढू नये.