आधी गाळ, मग पावडर

पूर ओसरला की गल्लोगल्ली ब्लीचिंग पावडरच्या पांढऱ्या रेघा उमटतात. रेघ दिसली की माणसाला जरा बरं वाटतं, आणि घरातही तेच करावंसं वाटतं. पण ओल्या गाळावर भुरभुरवलेली पावडर बहुतांशी वाया जाते. पावडरमधल्या क्लोरीनला जंतू आणि शेण यांतला फरक कळत नाही. समोर येईल त्या सेंद्रिय घाणीशी त्याची रासायनिक क्रिया होते आणि गाळातच तो संपून जातो. जंतूंपर्यंत पोचायला उरत नाही. म्हणून आधी गाळ, मग साबण, मग क्लोरीन आणि शेवटी वाळवण हा क्रम मोडू नये.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीनं चिपळूणची बाजारपेठ बुडवली. असं पाणी घरात येतं तेव्हा ते नुसतं नदीचं राहिलेलं नसतं. वाटेतले संडासांचे खड्डे, गटारं, गोठे, कीटकनाशकांची गोदामं, पेट्रोल पंप या सगळ्यांना धुऊन ते उंबरठ्यावर आलेलं असतं. टाकी भरून वाहिली आणि फरशी भिजली, त्यातली ही गोष्ट नव्हे. अर्थात ते स्वच्छ पाणीही दोन-तीन दिवस तुंबून राहिलं की स्वच्छ राहत नाही.

घरात शिरण्याची घाई नको. मेन स्विचपर्यंत कोरड्या जागी उभं राहून हात पोचत असेल तरच तो बंद करावा, नाहीतर वायरमनला बोलवावं. गॅसचा वास आला तर दारं-खिडक्या उघडून बाहेर पडावं. काडी ओढू नये, बटणही दाबू नये. पायात गमबूट आणि हातात रबरी मोजे हवेतच. कपाटाखाली, गाद्यांच्या थप्पीत साप असतो, त्यामुळे आधी काठीनं चाळवून मगच हात घालावा.

गमबूट काचांसाठी आहेत तसेच लेप्टोसाठीही. उंदीर-गुरांच्या लघवीतले या रोगाचे जंतू साध्या खरचटलेल्या जागेतून अंगात जातात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि पाणी ओसरल्यावर मुंबईत लेप्टोची साथ आली. पुराच्या पाण्यातून चालावं लागलं असेल तर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना विचारून प्रतिबंधक गोळी घ्यावी. मोठ्यांना सहसा डॉक्सिसायक्लिन देतात. गरोदर बाई आणि लहान मुलं यांचं औषध वेगळं असतं, म्हणून शेजाऱ्याच्या पाकिटातली गोळी उचलू नये. जखम झाली असेल तर धनुर्वाताचं इंजेक्शनही बघावं. पुढच्या महिनाभरात ताप आला, पोटऱ्या दुखल्या, तर डॉक्टरांना पुराचं आपणहून सांगावं.

झाडू हातात घेण्याआधी फोटो काढावेत. भिंतीवर पाण्याची जी रेघ उमटली आहे तिच्याशेजारी टेप धरून एक फोटो हवाच. पंचनाम्याला तलाठी येईपर्यंत घर तसंच ठेवणं परवडत नाही, आणि विमा कंपनीला तर तोंडी वर्णन चालतच नाही.

आता गाळ. तो ओला आहे तोवरच काढावा, कारण वाळला की सिमेंटसारखा धरतो आणि त्याची धूळ नाकातोंडात जाते. फावडं, घमेलं, खराटा, आणि मग वरून खाली पाण्याचा मारा. स्विचच्या डब्या, दाराच्या चौकटीमागची फट, ओट्याखालचे कप्पे इथे गाळ लपून बसतो. नंतर साबणाच्या पाण्यानं सगळं घासून धुवावं. खरी सफाई इथंच होते. क्लोरीनकडे फक्त उरलंसुरलं काम जातं.

ताज्या ब्लीचिंग पावडरमध्ये साधारण ३३ टक्के क्लोरीन असतो. दहा लिटरच्या बादलीला ३० ग्रॅम पुरते. आधी थोड्या पाण्यात कालवून पेस्ट करावी, मग बादली भरावी, चुना तळाशी बसू द्यावा आणि वरचं निवळ पाणी वापरावं. फरशी, ओटा, भिंतीचा खालचा भाग किमान दहा मिनिटं ओला राहिला पाहिजे; लगेच पुसलं तर काम झालं नाही. उघड्या पोत्यातली जुनी पावडर दमट हवेत मवाळ होते, तिच्यावर विसंबू नये. आणि या पाण्यात संडास धुवायचं ॲसिड कधीही मिसळू नये. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेततो.

काय टाकायचं यावर घरोघरी भांडणं होतात. कापसाच्या गाद्या, उशा, फुगलेलं पार्टिकल बोर्डाचं फर्निचर, भिजलेली औषधं सरळ टाकावीत. धान्याचं दुःख मोठं, पण पुरात भिजलेले गहू उन्हात वाळवून खाण्याजोगे होत नाहीत, गुरांनाही घालू नयेत. सागवानी खाट धुऊन सावलीत वाळवली तर टिकते. फ्रिज, मोटर आतून वाळवून तपासून घेतल्याशिवाय जोडायची नाही.

विहिरीत किंवा जमिनीखालच्या टाकीत पुराचं पाणी गेलं असेल तर आधी उपसा, गाळ काढणं, घासणं. तिथेही क्रम तोच. विहिरीत उतरण्याचं काम जाणत्या माणसाचं, कारण तळाशी वायू साचलेला असतो. नितळ पाणी भरल्यावर हजार लिटरला अडीच ग्रॅम पावडर हा नेहमीचा हिशेब. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत चार मीटर पाणी असेल तर ते सुमारे २८ हजार लिटर होतं, म्हणजे ७० ग्रॅम. तासाभरानं आरोग्यसेवकाकडून ओटी टेस्ट करून घ्यावी. नळीतलं पाणी पिवळं झालं तर क्लोरीन शिल्लक आहे. तसंच राहिलं तर गढूळपणानं तो खाल्ला, पुन्हा टाकावा. तोवर पिण्याचं पाणी उकळूनच.

सगळ्यात कमी धीर धरला जातो तो भिंतींच्या बाबतीत. वीट पाणी वर ओढते, त्यामुळे ओल पुराच्या रेघेच्याही वर चढलेली असते. एक-दोन दिवसांतच बुरशी धरायला लागते. फुगलेली पुट्टी आणि पोकळ वाजणारं प्लास्टर खरवडून काढावं, कपाटं भिंतीपासून हातभर पुढे ओढावीत, वायरिंग तपासून झालं की पंखे सुरू ठेवावेत. पावसाळ्यात हवाच दमट, त्यामुळे याला आठवडे नव्हे, महिने लागतात. गणपतीच्या आत घर रंगवायचा आग्रह धरला तर दिवाळीपर्यंत पोपडे येणारच. रंगाऱ्याला बोलावण्याआधी हातभर प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टीनं भिंतीला लावून दिवसभर ठेवावा. काढताना आतून घाम आलेला दिसला, तर भिंत अजून ओली आहे. पंधरा दिवसांनी पुन्हा लावून बघावं.