पहिला समुद्रप्रवास : देवणीहून जहाजापर्यंत

देवणी हें लातूर जिल्ह्यांतील तालुक्याचें ठिकाण. येथील देवणी जातीचें गोधन महाराष्ट्राच्या व कर्नाटकाच्या बाजारांत नांवाजलेलें आहे. समुद्राशीं मात्र या गांवाचा सुतराम् संबंध नाहीं. मुंबईचा धक्का येथून सडकेनें पांचशें किलोमीटरांहून अधिक दूर पडतो. कोंकणांतील माणूस लहानपणापासून होडी, पडाव, आगबोट पाहत वाढतो आणि लाटेचा हेलकावा त्याच्या अंगवळणीं पडलेला असतो. मराठवाड्यांतील माणसाला जहाज घडावयाचें तें हजसारख्या यात्रेच्या निमित्तानें. हे यात्रेकरू मुंबईस येऊन जहाजानें जेद्द्याकडे जात. ती जलवाट १९९५ मध्यें बंद झाली.

आतां केवळ हवापालट म्हणून जहाजावर चढण्याची सोय झाली आहे. २०२१ च्या सप्टेंबरांत ‘एम्प्रेस’ हें कॉर्डेलिया कंपनीचें जहाज मुंबईहून गोवें, लक्षद्वीप, कोची अशा फेऱ्या करूं लागलें. हें जहाज फ्रान्समध्यें बांधलेलें असून १९९० पासून दुसऱ्या नांवानें अमेरिकेच्या बाजूस फिरत होतें. त्याची लांबी सुमारें २११ मीटर व मजले अकरा. एवढ्या आकाराचें जहाज म्हणजे एक तरंगतें गांवच. आणि अनोळखी गांवीं जातांना जी चौकशी शहाणा गृहस्थ करतो, तीच येथेंही करावयास हवी. लातूर-उदगीरकडील कित्येक कुटुंबें वर्षाची शिल्लक खर्चून, म्हाताऱ्या आईवडिलांना बरोबर घेऊन या प्रवासास निघतात. अशा वेळीं एखादी क्षुल्लक गोष्ट ठाऊक नसल्यामुळें सहल वायां जावी, हें बरें नव्हे.

प्रथम भाड्याची भाषा समजून घ्यावी. जाहिरातींतील रक्कम बहुधा एका माणसाची असते आणि तीही एका खोलींत दोघें राहणार हें गृहीत धरून. एकट्या प्रवाशास जवळजवळ दोघांचें भाडें पडूं शकतें. बंदराचा आकार, सरकारी कर आणि सेवकांसाठीं घेतली जाणारी रक्कम हीं बहुधा निराळीं असतात. भाड्यांत नेमक्या कोणत्या भोजनगृहांतील जेवण येतें, चहा-कॉफी किती, पेयें कोणतीं, मुलांचे खेळ कोणते, हें तिकीट काढण्यापूर्वी लेखी विचारून घ्यावें. जहाजावर रोकड सहसा चालत नाहीं. खोलीची किल्ली म्हणून जें कार्ड मिळतें, त्यावरच सारा खर्च मांडला जातो. मुलांच्या हातीं हें कार्ड मोकळें सोडलें, तर शेवटच्या दिवशीं हिशेबाचा कागद वाचतांना वडिलांचा चेहरा पाहण्याजोगा होतो!

खोल्यांचे मुख्य प्रकार तीन : आंतील बिनखिडकीची, काचेच्या बंद खिडकीची आणि सज्जाची. बिनखिडकीची खोली स्वस्त असते, पण दिवा मालवल्यावर दिवस कीं रात्र हें तेथें कळत नाहीं. दिवसभर बाहेर वावरणाऱ्या तरुण मंडळींना ती पुरे. ज्यांना गुडघेदुखीमुळें खोलींतच अधिक वेळ काढावयाचा आहे, त्यांच्यासाठीं मात्र खिडकीचा खर्च सोसावा. खोली निवडतांना जहाजाचा नकाशा मागून घ्यावा; नाचगाण्याच्या दालनाच्या खालीं किंवा वर निजण्याची पाळी म्हाताऱ्या माणसांवर येऊं देऊं नये. आणखी एक लहानशी गोष्ट : मुंबईहून दक्षिणेस जातांना किनारा डाव्या हातास राहतो आणि सूर्य उजव्या हातास मावळतो. परततांना अर्थातच याच्या उलट.

कागदपत्रांत हयगय नको. देशांतल्या देशांत फिरावयाचें असलें तरी सरकारी ओळखपत्राची मूळ प्रत लागते, आणि लंकेसारख्या परदेशीं बंदरास जहाज लागणार असेल, तर पासपोर्ट हवा. लक्षद्वीपांत पाय ठेवण्यास परवाना लागतो. त्याचे अर्ज कंपनीकडून कसे भरले जातात, हें आधींच विचारावें. गरोदर स्त्रियांना ठराविक आठवड्यांनंतर आणि अगदीं तान्ह्या मुलांना बहुतेक कंपन्या जहाजावर घेत नाहींत. हा नियम धक्क्यावर पोंचल्यावर कळला, तर रदबदलीचा उपयोग होत नाहीं.

देवणीच्या प्रवाशाचा खरा धोका समुद्रांत नसून रुळांवर आहे. उदगीर किंवा लातूर येथून रात्रीं निघालेली गाडी सकाळीं मुंबईस पोंचते आणि जहाज दुपारनंतर सुटतें; म्हणून पुष्कळांना हा मेळ सोयीचा वाटतो. परंतु गाडी चार-पांच तास रखडणें ही काय नवलाची गोष्ट आहे? जहाजाचें दार सुटण्याच्या बरेंच आधीं बंद होतें, आणि तें कोणासाठींही थांबत नाहीं. यास्तव एक दिवस आधीं मुंबईस पोंचून मुक्काम करावा. बॅलार्ड पिअरचा धक्का छत्रपति शिवाजी महाराज टर्मिनसपासून फार दूर नाहीं. टॅक्सीनें थोडक्या वेळांत जातां येतें.

धक्क्यावर मोठ्या पेट्या आपल्या हातून घेतल्या जातात व कांहीं तासांनीं खोलीच्या दाराशीं येतात. म्हणून रोजचीं औषधें, चष्मा, कागदपत्रें, एक जोड कपडे व शाल हातांतल्या पिशवींत ठेवावीं. शाल कशाला, असें मराठवाड्यांतील उन्हाळा भोगलेला माणूस विचारील. पण जहाजाच्या आंत थंड हवेचीं यंत्रें अहोरात्र चालू असतात. इस्त्री, पाणी तापविण्याचें विजेचें यंत्र, मेणबत्ती, उदबत्ती, निरांजन हीं नेऊं देत नाहींत. जहाजावर आगीइतकें भय पाण्याचेंही नसतें, हें लक्षांत घेतलें म्हणजे या नियमाचा राग येणार नाहीं. ज्यांचा नित्यनेम आहे, त्यांनीं तीन-चार दिवस मानसपूजेवर भागवावें. घरचें शिजविलेलें अन्नही सहसा आंत नेऊं देत नाहींत. तेव्हां धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी आगगाडींतच संपवावी. शाकाहारी जेवण मिळतें. जैन पद्धतीचें हवें असल्यास तसें आधीं कळवावें.

जहाज सुटण्यापूर्वी सर्व प्रवाशांची एक कवाईत होते. नेमकी हीच गोष्ट टाळण्याकडे नवख्यांचा कल असतो. भोंगा वाजतो—सात आंखूड व एक लांब—आणि प्रत्येकानें आपल्या ठरलेल्या जागीं जमावयाचें असतें. जीवरक्षक जाकीट कसें घालावें, कोणत्या जिन्यानें जावें, आपली होडी कोणती, हें तेथें दाखवितात. कोणी त्या वेळीं खोलींत पहुडतो, कोणी छायाचित्रें काढीत बसतो. अशांनीं दोन घटना आठवाव्या.

१७ जुलै १९४७ रोजीं भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली ‘रामदास’ ही आगबोट काश्याच्या खडकाजवळ वादळी पावसांत उलटली. सहाशेंहून अधिक माणसें बुडालीं. बोट एका अंगास कलली, तेव्हां माणसें घाबरून धांवलीं व तोल आणखीच गेला. तिच्यावर बिनतारी यंत्र नव्हतें. वांचलेले लोक किनाऱ्यास लागेपर्यंत मुंबईस या अनर्थाची वार्ताही नव्हती. दुसरी घटना अलीकडची. १३ जानेवारी २०१२ रोजीं ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ हें अवाढव्य इटालियन जहाज जिल्यो बेटाजवळ खडकावर आपटून कललें आणि ३२ माणसें दगावलीं. त्याच दिवशीं चढलेल्या शेंकडों प्रवाशांची कवाईत अजून व्हावयाची होती, कारण चोवीस तासांत ती घेतली तरी चालेल, असा तेव्हां नियम होता. पुढें तो बदलला. १ जानेवारी २०१५ पासून ही कवाईत जहाज सुटण्यापूर्वी किंवा सुटतांच घेणें आंतरराष्ट्रीय नियमानें बंधनकारक झालें. घरांतील प्रत्येकानें, आजीनेंसुद्धां, आपली जमण्याची जागा पायांनीं चालून पाहावी. लिफ्ट अशा प्रसंगीं वापरावयाची नसते, म्हणून जिन्यानेंच चालून पाहावी.

आतां पोटांत ढवळण्याविषयीं. समुद्र लागणें हा दुबळेपणा नव्हे. इंग्लंडचा नामांकित दर्यासारंग नेल्सन यालाही समुद्र लागत असे. कानाच्या आंतल्या भागांत शरीराचा तोल जाणणारें एक नाजुक इंद्रिय आहे. खोलींत बसलें असतां डोळे सांगतात कीं भिंती स्थिर आहेत, आणि कान सांगतो कीं शरीर हालत आहे. या दोन साक्षींचा मेळ मेंदूस बसत नाहीं व मळमळ सुरू होते. यावर उपाय असा कीं, दोन्ही साक्षी एक करावयाच्या. उघड्या डेकवर येऊन दूर क्षितिजाकडे पाहावें. तेथें डोळ्यांनाही हालचाल दिसते आणि तक्रार निवळूं लागते. पुस्तक वाचणें किंवा मोबाईलमध्यें डोकें घालून बसणें त्या वेळीं वर्ज्य. तेंही सोसत नसेल, तर डोळे मिटून उताणें पडावें.

जहाज नाळेकडून मागल्या टोकापर्यंत खालींवर होतें, तेव्हां मधला भाग सर्वांत कमी हालतो. बैलगाडींत मागल्या टोकाशीं बसणारा जितका हिंदकळतो, तितका आंसाच्या वर बसणारा हिंदकळत नाहीं. तोच न्याय येथें लागू पडतो. ज्यांना एस्. टी.च्या घाटवाटेनें उलटी होते, त्यांनीं खालच्या मजल्यावरची, जहाजाच्या मध्यावरची खोली मागावी. मोठ्या जहाजांच्या दोन्ही अंगांना पाण्याखालीं पंखांसारखे भाग बसविलेले असतात व ते डावीउजवीकडील डोलणें पुष्कळ आंवरतात. त्यामुळें थंडीच्या दिवसांत, नोव्हेंबर ते फेब्रुवारी या महिन्यांत, बहुतेकांना मुळींच त्रास होत नाहीं. पावसाळ्यांतील अरबी समुद्राची गोष्ट वेगळी. महाराष्ट्रांत १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीसही बंदी असते, ती माशांच्या विणीसाठीं आणि कोळ्यांच्या जीवासाठींही.

औषध घ्यावयाचें तें मळमळ सुरू होण्यापूर्वी. उलटी लागल्यावर गोळी पोटांत टिकत नाहीं. या गोळ्यांनीं झोंप येते, आणि कांचबिंदू किंवा लघवीची अडचण असलेल्या वृद्धांना त्या अपायकारक ठरूं शकतात. यास्तव गांवच्या डॉक्टरांना विचारूनच बरोबर घ्याव्या. आल्याचा तुकडा किंवा आलेपाक यांचाही कित्येकांना उपयोग होतो. पोट अगदीं रिकामें ठेवूं नये व तुडुंबही भरूं नये. दुसरा नियम जहाजावर पाळणें फार कठीण, कारण पहांटेपासून मध्यरात्रीपर्यंत पानें वाढलेलींच असतात.

जहाजावर डॉक्टर व दवाखाना असतो, पण तो फुकट नसतो. मधुमेह किंवा रक्तदाब असणाऱ्यांनीं दोन-तीन दिवस पुरून उरतील इतकीं औषधें न्यावीं. जेवणापूर्वी हात साबणानें धुवावे. एका छताखालीं हजारों माणसें जेवतात, तेथें उलटी-जुलाबाची साथ झपाट्यानें पसरते आणि तिच्या विषाणूंवर नुसतें हाताला चोळावयाचें औषध पुरेसें पडत नाहीं. जहाजाच्या दारांना बहुधा उंच उंबरे असतात. नऊवारी असो वा पांचवारी, जिन्यावर तिचा घोळ सांवरावा, आणि एक हात सदैव कठड्यास असावा. सज्जांत खुर्ची ओढून मुलांना तिच्यावर उभें राहूं देऊं नये.

पाण्याविषयीं लातूरकरांना निराळें सांगावयास नको. २०१६ च्या एप्रिलांत मिरजेहून आगगाडीनें पाणी आणून लातूर जगविलें गेलें; पहिल्या गाडीनें सुमारें पांच लाख लिटर पाणी आलें होतें. जहाजाभोंवतीं अथांग पाणी असतें, पण तें पिण्याच्या कामाचें नाहीं. खारें पाणी तापवून त्याची वाफ थंड करून, किंवा अति सूक्ष्म पडद्यांतून दाबून तें गोडें करावें लागतें, आणि त्यासाठीं इंधन जळतें. नळ मोकळा सोडूं नये, ही तेथील विनंति दुष्काळ पाहिलेल्या माणसाला जितकी पटेल तितकी दुसऱ्या कोणाला क्वचितच पटेल. शौचकूप पाण्याऐवजीं हवेच्या ओढीनें चालतो. मोठा आवाज होतो, मुलें दचकतात. त्यांत कापड किंवा कसलीही चिंधी टाकल्यास ओळीनें कित्येक खोल्यांची खोळंबा-खोळंब होते.

किनारा दिसेनासा झाला कीं मोबाईलही मुका होतो. कधीं तो जहाजावरील यंत्रणा आपोआप पकडतो व तिचे दर डोळे पांढरे करणारे असतात. बंदर सोडतांच त्यास विमानप्रवासाच्या स्थितींत ठेवावें आणि घरच्यांना आधींच सांगून ठेवावें कीं दोन दिवस निरोप न आल्यास काळजी करूं नये.

लक्षद्वीपांतील अगत्ती येथें मोठें जहाज किनाऱ्यास लागत नाहीं. तें बाहेर उभें राहतें आणि लहान होड्यांतून प्रवासी उतरतात. हालत्या होडींत पाय टाकतांना खलाशी हात देतात. हातांतील पिशवी दुसऱ्याकडे देऊन दोन्ही हात मोकळे ठेवावे, आणि खलाशी सांगेल त्याच क्षणीं पाऊल टाकावें. गुडघे साथ देत नसतील त्यांनीं जहाजावरूनच निळें पाणी पाहावें. त्यांत कमीपणा नाहीं. समुद्र खवळलेला असल्यास कप्तान उतरणें रद्द करतो. त्याच्याशीं वाद घालूं नये. पैसे परत मिळण्याचे नियम तिकिटाच्या अटींत लिहिलेले असतात व ते निघण्यापूर्वीच वाचावे.

अखेरच्या रात्रीं मोठ्या पेट्या बहुधा खोलीबाहेर ठेवावयास सांगतात. त्यांत दुसऱ्या दिवसाचे कपडे बंद करून बसणारे दर फेरीस निघतातच. हिशेबाचा कागद त्याच रात्रीं तपासावा, कारण सकाळीं खिडकीपुढें मोठी रांग लागते. परतीची गाडी सकाळची न घेतां रात्रीची घ्यावी. जहाज उशिरा लागलें तरी चुकत नाहीं. घरीं पोंचल्यावर एक-दोन दिवस पायाखालची भुई डोलल्यासारखी वाटते, विशेषतः आंघोळीच्या वेळीं डोळे मिटले असतां. मेंदूस लागलेली ही जहाजाची संवय असून ती आपोआप जाते. आठवडा उलटूनही गेली नाहीं, तर डॉक्टरांस दाखवावें.