प्रश्नावली मराठी झाली, पण तपासली कुणी?

पार्किन्सन्सने, म्हणजे कंपवाताने, माणसाचं रोजचं जगणं किती अवघड केलंय हे मोजायला जगभर ‘पीडीक्यू-39’ ही प्रश्नावली वापरतात. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी ती 1995 साली मांडली. प्रश्न 39, विभाग आठ. गेल्या महिनाभराबद्दल ‘कधीच नाही’पासून ‘नेहमी’पर्यंत पाच पर्याय. गुण 0 ते 100, आणि जास्त गुण म्हणजे जास्त त्रास.

गैरसमज: डॉक्टर तपासतातच, मग प्रश्न कशाला?
वस्तुस्थिती: हाताची थरथर डॉक्टरांना दिसते. लोक बघतील म्हणून टाळलेलं लग्नकार्य दिसत नाही. ते विचारावंच लागतं.

गैरसमज: दोन्ही भाषा उत्तम येणारा माणूस मिळाला की भाषांतराचं काम झालं.
वस्तुस्थिती: मूळ प्रश्न इंग्लंडातल्या रुग्णांशी बोलून तयार झाले. त्यात अर्धा मैल चालण्याबद्दल विचारलंय, ताटातलं अन्न कापण्याबद्दलही. मैलाचे किलोमीटर करता येतात. अन्न कापण्याचं काय करायचं? भाकरी आमटीत कुस्करून खाणारे आजोबा ‘कधीच नाही’वर बिनदिक्कत खूण करतील, मग भाकरी मोडून द्यायला रोज सून लागत का असेना. वाक्य निर्दोष, पण सहा प्रश्नांच्या विभागात एक शून्य फुकटचं. ‘भाकरी मोडणं, भात कालवणं’ असा बदल करता येईल, मात्र प्रश्नावलीचे हक्क ऑक्सफर्डकडे असल्याने तो परवानगीनेच.

अशा जागा टेबलावर बसून सापडत नाहीत. म्हणून मसुदा घेऊन थोड्या रुग्णांपुढे बसतात आणि एकेका प्रश्नावर विचारतात, ‘आजोबा, यातून तुम्हाला काय समजलं? उत्तर देताना डोळ्यांपुढे काय आलं?’ सगळ्या खटाटोपातलं सर्वांत मोलाचं काम माझ्या मते हेच. तेवढा वेळ घरच्यांना बाहेर बसवावं. जोडीदाराचा आधार मिळतो का, असाही एक प्रश्न आहे. तो आजींच्या देखत विचारला तर आजोबा काय बोलणार!

गैरसमज: मराठीचं पुन्हा इंग्रजी करून मुळाशी जुळलं, म्हणजे भाषांतर पक्कं.
वस्तुस्थिती: गाळलेला शब्द किंवा उलटा झालेला अर्थ याने पकडता येतो. पण शब्दाला शब्द ठेवलेलं, कुणीच बोलत नाही असं मराठी इंग्रजीत परत नेलं, तर तेच सर्वांत छान जुळतं.

गैरसमज: पंधरा दिवसांनी त्याच रुग्णाला पुन्हा विचारल्यावर उत्तर बदललं, तर प्रश्नच बिनकामाचा.
वस्तुस्थिती: मधे गोळ्यांचा डोस बदलला असेल तर उत्तर बदलायलाच हवं. शिवाय लेव्होडोपा या पार्किन्सन्सवरच्या औषधाचा अंमल उतरला की तोच माणूस तासाभरात वेगळा दिसतो. म्हणून या चाचणीला प्रकृती स्थिर असलेले रुग्ण घेतात आणि दोन्ही वेळा गोळीनंतरचं अंतर सारखं ठेवणं चांगलं.

गैरसमज: चाळीसेक रुग्ण पुरेत.
वस्तुस्थिती: प्रश्न समजतो का, एवढंच पाहायला पुरतात. ‘एमडीएस-यूपीडीआरएस’ या पार्किन्सन्सच्याच दुसऱ्या मापनपट्टीचं भाषांतर अधिकृत ठरायला ती भाषा मातृभाषा असलेले किमान 350 रुग्ण लागतात. उत्तरांची जडणघडण मूळ इंग्रजीसारखीच निघते का, हे त्यावरून गणिताने तपासतात आणि जुळणीचा निर्देशांक 0.90 किंवा त्याहून वर यावा लागतो.