चिकातला दोरा

पोरांनो, खाटेवरच्या कुरडया मोडू नका, आजी रागावेल. एकच घ्या अन् वाकवून बघा. कट्‌! मोडली ना? काल पातेल्यात हाच चीक कसा लवत होता. दूध-साखर घालून वाट्या भरून खाल्लात. चीक म्हणजे गव्हातला स्टार्च. उकळत्या पाण्यात त्याचे कण फुगून फुटतात, एकमेकांत मिसळतात अन् वाळले की कडक होतात. त्यात ग्लिसरीन घातलं तर तो वाळल्यावरही वाकतो, म्हणजे पिशवी करता येते. मातीत गेली की जिवाणू अन् बुरशी ती खाऊन टाकतात. 2018 साली आपल्या राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, तरी ओढ्याकाठच्या बाभळींना त्या अजून लटकलेल्या दिसतात. त्या कुजत नाहीत.

पण स्टार्चच्या पिशवीला कुरडईचीच खोड: पावसाळी हवेत मऊ पडते, वजनानं फाटते. मग तिला बळ कुठून आणायचं?

आपल्या जुन्या घराची भिंत आठवा. नुसत्या मातीचा गिलावा तडकतो, म्हणून चिखलात भुसा घालून तुडवायचे. काड्या माती धरून ठेवतात. इथंही तेच, फक्त काडी सेल्युलोजची अन् इतकी बारीक, की केसाच्या जाडीत तशा हजारो शेजारी-शेजारी मावतील.

हा सेल्युलोज 1838 साली फ्रान्सच्या अन्सेल्म पायेननं ओळखला. आपला कापूस म्हणजे जवळजवळ निव्वळ सेल्युलोज. पऱ्हाटीतही तो भरपूर. अन् नवल बघा, स्टार्च काय, सेल्युलोज काय, दोन्ही ग्लुकोजच्याच मण्यांच्या माळा! स्टार्चमध्ये सगळे मणी एकाच तोंडानं ओवलेले, म्हणून माळ वेटोळी होते. सेल्युलोजमध्ये एक मणी सुलटा, दुसरा उलटा. माळ सरळ राहते अन् शेजारणीला घट्ट बिलगते. एवढ्याशा फरकानं एकाची भाकर होते, दुसऱ्याचं धोतर. मला तर या वयातही हे आठवलं की आनंद होतो.

पऱ्हाटीचा लगदा सोड्याच्या पाण्यात शिजवून स्वच्छ करतात, मग प्रचंड दाबानं बारीक फटीतून पुन्हा पुन्हा ढकलतात. धागे उलगडत जातात. शंभर भाग पाण्यात दोन भाग तंतू असले तरी ते दह्यासारखं घट्ट दिसतं. ते चिकात थोडंच मिसळायचं, शंभर भाग स्टार्चला तीन-चार भाग तंतू. दोघं एकाच गोताचे, त्यामुळं लगेच एकमेकांना धरतात. पापुद्रा चिवट होतो, पाणीही कमी पितो. जास्त घातलं तर गुठळ्या होतात अन् तिथंच फाटतं.

मुंबईला माटुंग्यात 1924 पासूनची केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था आहे. तिथं कापसापासून असे बारीक तंतू, म्हणजे नॅनोसेल्युलोज, तयार करतात. आपण मात्र वेचणी संपली की पऱ्हाटी बांधावर पेटवून देतो. हे मला पटत नाही.

आता त्या मोडक्या कुरडईचा तुकडा अन् देवघरातली कापसाची वात एका वाटीत पाण्यात टाका. सकाळी दोन्ही चिमटीत धरून ओढा, अन् काय झालं ते मला येऊन सांगा.